चौकटीच्या कोपऱ्यातला अंगठा
(द्वितीय वर्ष, बी. ए.)

यंदा आपल्या महाविद्यालयात छायाचित्रणाची तीन दिवसांची कार्यशाळा झाली. पहिल्या दिवशी चौकटीतील रचना, दुसऱ्या दिवशी व्यक्तिचित्र आणि तिसऱ्या दिवशी, काढलेल्या छायाचित्रात नंतर काय बदलावे व काय बदलू नये, असे विषय होते. कॅमेरा एकच आणि तोही सरांचा. आम्हा बाकीच्यांच्या हातात मोबाइल. तिसऱ्या दिवशी सरांनी पडद्यावर एक जुने काळे-पांढरे छायाचित्र दाखवले. तंबूच्या तोंडाशी बसलेली एक बाई. गालाशी टेकवलेला हात, कपाळावर आठ्या, नजर कुठेतरी दूर. मांडीवर तान्हे मूल आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर मान टाकून पाठमोरी झालेली दोन लेकरे. सरांनी विचारले, उजव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात काय दिसते? कोणालाच काही दिसेना. मग त्यांनी तो कोपरा मोठा करून दाखवला. तंबूच्या खांबापाशी एक पुसट डाग होता. तेथे पूर्वी एक अंगठा होता, असे सरांनी सांगितले. खांब धरलेल्या हाताचा अंगठा. चित्र सुबक दिसावे म्हणून तो पुसून टाकण्यात आला होता.

वर्गात त्यावर बराच वाद झाला. एक अंगठा गेला तर काय बिघडले, असे बहुतेकांचे मत पडले. मी मात्र गप्प बसले. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ट्रकमध्ये बसून कारखान्याकडे निघतात, त्यांतलेच एक जोडपे आमचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. मी सहावीत असताना दिवाळीच्या सुट्टीत फडावर गेले होते. एक दिवस तेथे एक फोटोग्राफर आले. आई मोळी डोक्यावर घेत होती आणि बाबा ती तिच्या डोक्यावर चढवून देत होते. फोटो काढून ते निघून गेले. पुढच्या वर्षी तालुक्याच्या गावी एका कार्यालयाच्या भिंतीवर, एका दिनदर्शिकेच्या पानावर, आई आम्हाला दिसली. बाबांचे दोन पंजे तेवढे मोळीला लागलेले होते, बाबा नव्हते. खाली कष्टकरी स्त्रीच्या थोरवीबद्दल दोन ओळी छापल्या होत्या, नाव नव्हते. बाबा हसले. आई तेथे काही बोलली नाही. घरी आल्यावर मात्र, नाव तरी विचारायचे होते, एवढेच ती म्हणाली.

म्हणून पडद्यावरची ती बाई कोण, तिचे छायाचित्र काढणारी कोण आणि अंगठा कोणी व का पुसला, हे जाणून घ्यावेसे वाटले. सरांनी पुस्तके दिली. त्या वाचनातून जे हाती लागले ते आपणापुढे ठेवत आहे.

हे छायाचित्र काढणाऱ्या डोरोथिया लँग यांचा जन्म २६ मे १८९५ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात होबोकेन या गावी झाला. घराणे मूळचे जर्मन. वडिलांचे आडनाव नुट्झहॉर्न. ते वकील होते. डोरोथिया सात वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. जीव वाचला, पण उजवा पाय कायमचा अधू झाला. पुढे आयुष्यभर त्या लंगडत चालल्या. ती बारा वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. त्या दुःखाविषयी त्या फारसे कधी बोलल्या नाहीत, परंतु पुढे त्यांनी वडिलांचे आडनाव टाकले आणि आईचे माहेरचे लँग हे आडनाव घेतले.

आईला न्यूयॉर्कमध्ये एका सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी मिळाली. ग्रंथालय होते लोअर ईस्ट साइड या भागात. युरोपातून आलेल्या गरीब स्थलांतरितांची तेथे दाटीवाटीने वस्ती होती. मुलीचे नाव आईने तेथल्याच शाळेत घातले. शाळा सुटल्यावर ही लंगडी मुलगी ग्रंथालयाच्या खिडकीत बसून समोरच्या बिऱ्हाडांकडे पाहत राही. संध्याकाळी दारुडे आणि बेघर पडलेले असत त्या रस्त्याने एकटी घरी जाई. कोणाच्या नजरेत भरू नये असे चालण्याची कला ती तेथेच शिकली. पुढे ज्या कामासाठी जगाने त्यांना ओळखले, त्याची पहिली शाळा हा रस्ताच होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१९१३ मध्ये शालेय शिक्षण संपले. मुलीने शिक्षिका व्हावे अशी घरच्यांची इच्छा. हिने मात्र छायाचित्रकार होणार असे जाहीर केले. गंमत अशी की, तोवर तिच्याजवळ स्वतःचा कॅमेराही नव्हता! तिने न्यूयॉर्कमधील निरनिराळ्या स्टुडिओंत पडेल ते काम पत्करले. आर्नोल्ड गेंथे हे त्या काळचे नामवंत व्यक्तिचित्रकार. त्यांच्या स्टुडिओत ती कामाला लागली आणि तिला पहिला कॅमेरा त्यांनीच दिला. याच गेंथे यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी वस्तीची सुंदर छायाचित्रे काढली होती. त्यांतील काही छायाचित्रांमधून इंग्रजी पाट्या, तारा आणि गोरी माणसे काढून टाकून ती वस्ती अधिक परकी, अधिक गूढ दिसेल अशी त्यांनी केली होती, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. म्हणजे छायाचित्रात ढवळाढवळ करण्याची रीत संगणकाने आणलेली नाही; ती फार जुनी आहे.

यानंतर कोलंबिया विद्यापीठात क्लॅरेन्स व्हाइट यांच्या वर्गात तिने काही काळ रचनेचे धडे घेतले. विद्यार्थ्यांना जवळपासची एखादी अगदी साधी वस्तू दाखवून तिची छायाचित्रे काढायला सांगायची, अशी व्हाइट यांची पद्धत. सुंदर वस्तू शोधत हिंडण्यापेक्षा समोरच्या वस्तूकडे नीट पाहा, हा त्यामागचा अर्थ. या विद्यार्थिनीने दिलेला गृहपाठ बहुधा केलाच नाही! पण तो धडा मनात राहिला असावा, असे पुढच्या कामावरून दिसते.

१९१८ मध्ये एका मैत्रिणीला घेऊन त्या जगाच्या सफरीवर निघाल्या. सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचताच त्यांचे पैसे चोरीला गेले आणि जगाची सफर तेथेच संपली. फोटो धुऊन देणाऱ्या एका दुकानात त्यांनी नोकरी धरली आणि १९१९ मध्ये स्वतःचा स्टुडिओ थाटला. तेव्हा त्यांचे वय अवघे चोवीस. शहरातील श्रीमंत कुटुंबे त्यांच्याकडे येऊ लागली. १९२० मध्ये मेनार्ड डिक्सन या चित्रकाराशी त्यांचा विवाह झाला व पुढे दोन मुलगे झाले. व्यवसाय उत्तम चालला होता. आपण काढलेले चित्र त्या माणसाला स्वतःचे वाटले पाहिजे, अशी त्यांची धडपड असे. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. स्टुडिओतील व्यक्तिचित्र हा करार असतो. गिऱ्हाईक स्वतःच्या पायांनी येते, पैसे देते, आवडलेला फोटो घेते आणि न आवडलेला नाकारते. चित्राचा मालक तेथे चित्रातला माणूस असतो.

१९२९ मध्ये अमेरिकेत शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. लाखो लोकांची कामे गेली. १९३३ मध्ये लँग यांना स्टुडिओच्या खिडकीतून रस्त्यावर निरुद्देश भटकणारी माणसे दिसत. आत श्रीमंतांचे चेहरे आणि बाहेर हे चेहरे! एक दिवस त्या कॅमेरा घेऊन खाली उतरल्या. सोबतीला धाकट्या भावाला घेतले, कारण मनात भीती होती. व्हाइट एंजल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका विधवा बाई जवळच गरिबांना फुकट जेवण देत असत. तेथे रांगेतल्या माणसांचे त्यांनी छायाचित्र काढले. बहुतेक सर्व माणसे पाठमोरी आहेत. एकच म्हातारा कठड्याला टेकून आपल्याकडे वळलेला आहे. मळकी टोपी डोळ्यांवर ओढलेली, हात एकमेकांत गुंफलेले, समोर रिकामे टमरेल. रचना म्हणजे काय, हे या एका चित्रावरून शिकता येते. गर्दी पाठमोरी असल्यामुळे तो एक माणूस दिसतो, आणि तो एक दिसल्यामुळे गर्दीतल्या प्रत्येकाला चेहरा असणार हे आपल्याला कळते. डोळे टोपीखाली झाकलेले आहेत, त्यामुळे त्याची अब्रूही राहते.

हे व अशी चित्रे १९३४ मध्ये एका लहान प्रदर्शनात मांडली गेली. बर्कलीच्या विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक पॉल टेलर यांनी ती पाहिली. टेलर शेतमजुरांच्या प्रश्नांचा अभ्यास करीत. आकडे आणि अहवाल यांबरोबर चेहरेही सरकारपुढे गेले पाहिजेत, असे त्यांना वाटे. त्यांनी लँग यांना कॅलिफोर्निया सरकारच्या साहाय्य खात्याच्या पाहणीवर घेतले. सरकारी नियमांत छायाचित्रकाराची जागाच नव्हती, म्हणून कागदोपत्री त्यांची नेमणूक टंकलेखक म्हणून झाली! दोघांनी मिळून केलेल्या अहवालांमुळे स्थलांतरित मजुरांसाठी सरकारी छावण्या उभारण्यास चालना मिळाली. १९३५ च्या अखेरीस डिक्सन यांच्याशी घटस्फोट होऊन टेलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. कामासाठी त्या महिनोन्‌महिने भटकत असत आणि त्या काळात मुलांना दुसऱ्यांच्या घरी ठेवावे लागे. याची बोच त्यांना कायम राहिली.

त्याच वर्षी केंद्र सरकारच्या पुनर्वसन खात्यात त्यांना काम मिळाले. हेच खाते पुढे फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन या नावाने प्रसिद्ध झाले. त्याच्या छायाचित्र विभागाचे प्रमुख होते रॉय स्ट्रायकर. दुष्काळ, धुळीची वादळे आणि ट्रॅक्टर यांनी देशोधडीला लावलेले शेतकरी जुन्या मोटारींवर संसार लादून कॅलिफोर्नियाकडे निघाले होते. त्यांचे जीवन देशापुढे मांडणे हे या विभागाचे काम. लँग अशा वस्तीवर जात तेव्हा लगेच कॅमेरा रोखत नसत. लंगडत लंगडत फिरत, प्यायला पाणी मागत, स्वतःविषयी सांगत, मग हळूच विचारत. आपण लंगडतो म्हणून लोक आपल्याला लवकर जवळ करतात, असे त्यांचे मत होते. लोकांचे बोलणे त्या ध्यानात ठेवून गाडीत परतल्यावर वहीत टिपून ठेवत. चित्राखालचा मजकूर त्यांना चित्राइतकाच मोलाचा वाटे.

आता त्या प्रसिद्ध चित्राकडे वळू. मार्च १९३६. महिनाभराचा दौरा आटोपून लँग एकट्याच गाडी चालवीत घरी परतत होत्या. पाऊस पडत होता. निपोमो गावाजवळ वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी दिसली. त्या थांबल्या नाहीत. सुमारे वीस मैल पुढे गेल्यावर मात्र मन राहीना, त्यांनी गाडी वळवली आणि त्या तळावर गेल्या. थंडी-पावसाने वाटाण्याचे पीक गेले होते, मजुरांना काम उरले नव्हते. एका बाईसमोर त्यांनी दहाएक मिनिटांत काही मोजकी छायाचित्रे घेतली. पहिली लांबून, त्यांत सगळा तंबू, सामान आणि एक मोठी मुलगीही आहे. मग एकेक पाऊल पुढे. शेवटच्या चित्रात मोठी मुलगी नाही, सामान नाही, दोन लेकरांची तोंडे फिरलेली आहेत आणि उरली आहे ती केवळ आई. म्हणजे निवड तळावरच सुरू झाली होती. काय घ्यायचे आणि काय चौकटीबाहेर ठेवायचे, हे ठरवल्याशिवाय छायाचित्र होतच नाही.

ती छायाचित्रे सॅन फ्रान्सिस्कोच्या वृत्तपत्रात छापून येताच खळबळ माजली आणि सरकारने तळावर वीस हजार पौंड अन्नधान्य पाठवले. छायाचित्राने उपाशी माणसांना अन्न मिळवून दिले, ही गोष्ट लहान नव्हे. मात्र धान्य पोहोचले तेव्हा ती बाई आणि तिची मुले तेथून पुढच्या गावाला निघून गेली होती. आणि तिचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. इतर वेळी लोकांचे शब्दसुद्धा टिपून ठेवणाऱ्या लँग यांनी त्या दिवशी तिचे नाव विचारले नव्हते. तिचे वय बत्तीस आहे, सात मुले आहेत आणि गाडीचे टायर विकून तिने अन्न आणले, एवढी त्यांची आठवण होती.

अंगठ्याची गोष्ट त्यानंतर काही वर्षांनी घडली. हे चित्र प्रदर्शनांतून फिरू लागले होते. कोपऱ्यातला अंगठा लँग यांच्या डोळ्यांना खुपत होता. नजर चेहऱ्यावरून निसटून तेथे जाते, असे त्यांना वाटे. त्यांनी निगेटिव्हवर रिटचिंग करवून तो काढून टाकवला. स्ट्रायकर यांना हे मुळीच रुचले नाही. त्यांच्या रागाला कारण होते. १९३६ मध्येच त्यांच्या खात्यातील आर्थर रॉथस्टाइन या तरुण छायाचित्रकाराने साउथ डाकोटात गुराची एक कवटी काही फूट हलवून भेगाळलेल्या जमिनीवर ठेवली व तिची छायाचित्रे काढली. विरोधी वृत्तपत्रांना ते कळले. निवडणुकीचे वर्ष होते. सरकार खोटी चित्रे दाखवून दुष्काळ रंगवते, असा ओरडा झाला. दुष्काळ खरा होता, कवटी खरी होती, भेगा खऱ्या होत्या. तरी एक कवटी हलवल्यामुळे सगळ्याच चित्रांवर संशय आला. स्ट्रायकर यांचा धडा हाच होता. परंतु त्यांचेही हात स्वच्छ नव्हते. न आवडलेल्या निगेटिव्हना पंचने भोके पाडून त्यांनी कितीतरी चित्रे कायमची निकामी केली. तेही एक पुसणेच नव्हे काय?

लँग यांच्या स्वतःच्या वाट्यालाही असाच एक प्रसंग आला. १९३६ मध्ये मिसिसिपी भागात त्यांनी कापसाच्या मळ्यावरच्या एका गोऱ्या मुकादमाचे छायाचित्र काढले होते. मोटारीवर पाय ठेवून तो ऐटीत उभा आहे आणि मागे दुकानापाशी काळे शेतमजूर बसले आहेत. कोण उभे आहे आणि कोण बसले आहे, यातच सारे सांगून झाले आहे. १९३८ मध्ये कवी आर्चिबाल्ड मॅक्लीश यांनी आपल्या पुस्तकात हे चित्र घेतले आणि कात्री लावून मजूर काढून टाकले. राहिला तो स्वतंत्र बाण्याचा अमेरिकन गडी! चित्रात काही खोटे घातलेले नाही, रेघही ओढलेली नाही. नुसती कड कापली आणि अर्थ उलटा झाला. हे वाचताना मला मोळीला लागलेले बाबांचे दोन पंजे आठवले.

१९३९ मध्ये लँग व टेलर यांचे देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांवरचे पुस्तक आले. त्यात त्यांनी चित्रांबरोबर त्या त्या माणसांचे स्वतःचे शब्द छापले. त्याच सुमारास सरकारी काम सुटले. पण आयुष्यातील कठीण परीक्षा पुढेच होती. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावरील एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडायला लावून छावण्यांत कोंडण्यात आले. त्यांतील बहुतेक अमेरिकेचे नागरिक होते. १९४२ मध्ये या कामाची छायाचित्रे काढण्यासाठी सरकारने लँग यांना नेमले. काटेरी तारा, टेहळणीचे मनोरे आणि बंदूकधारी शिपाई यांचे फोटो काढायचे नाहीत, अशी बंधने होती. त्या बंधनांतही त्यांनी अन्याय दाखवला : गळ्यात क्रमांकाची चिठ्ठी अडकवलेली लहान मुले, सामानाच्या गाठोड्यांशेजारी शांत बसलेले म्हातारे, शाळेत झेंड्याला वंदन करणाऱ्या मुली. लष्कराच्या हे लक्षात आले आणि युद्ध चालू होते तोवर ती छायाचित्रे दडपून ठेवण्यात आली. पुढे ती सरकारी दप्तरात पडून राहिली. त्यांचा मोठा संग्रह पुस्तकरूपाने प्रसिद्ध व्हायला २००६ साल उजाडले. अमेरिकन सरकारने त्या लोकांची माफी मागितली ती १९८८ मध्ये.

युद्धानंतर त्यांची प्रकृती ढासळली. पोटाच्या व्रणांनी त्या बेजार झाल्या. तरीही काम थांबले नाही. १९५२ मध्ये अ‍ॅपर्चर हे छायाचित्रणविषयक नियतकालिक सुरू करणाऱ्यांत त्या होत्या. १९५५ मध्ये एडवर्ड स्टायकेन यांनी मांडलेल्या फॅमिली ऑफ मॅन या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. हे प्रदर्शन पुढे जगभर फिरले आणि भारतातही आले. धरणासाठी बुडणार असलेल्या कॅलिफोर्नियातील एका खोऱ्याच्या शेवटच्या वर्षाची चित्रे त्यांनी पर्कल जोन्स यांच्यासह काढली. धरणग्रस्तांची गावे आपल्याकडे कोणाला अपरिचित आहेत?

सॅन फ्रान्सिस्कोच्या कलाशाळेत त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवलेही. १९५७ च्या सुमाराची गोष्ट. त्यांनी वर्गाला विषय दिला : मी कोठे राहतो? घराचा फोटो आणा असा त्याचा अर्थ नव्हता. आपण खऱ्या अर्थाने ज्यात राहतो ते दाखवा, असे त्यांना म्हणायचे होते. आणि बाईंनी स्वतःही तो गृहपाठ केला. त्यांनी छायाचित्र काढले ते स्वतःच्या अधू पायाचे. तरुणपणी दिलेला गृहपाठ टाळणाऱ्या आणि पन्नास वर्षे तो पाय लांब झग्यांखाली नि विजारीखाली झाकून ठेवणाऱ्या बाईंनी तो विद्यार्थ्यांपुढे ठेवला. दुसऱ्याचे दुःख चौकटीत घ्यायचे तर कधीतरी स्वतःचेही घेतले पाहिजे, असा अर्थ मी त्यातून काढते. दुसऱ्याचा अंगठा पुसणाऱ्या हातांनी स्वतःचा वाकडा पाय मात्र पुसला नाही.

१९६४ मध्ये त्यांना अन्ननलिकेचा कर्करोग झाल्याचे कळले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या जीवनभराच्या कामाचे प्रदर्शन भरायचे ठरले होते. उरलेले दिवस त्यांनी त्यासाठी चित्रे निवडण्यात घालवले. ११ ऑक्टोबर १९६५ रोजी त्यांचे निधन झाले. प्रदर्शन जानेवारी १९६६ मध्ये उघडले.

गोष्ट येथे संपत नाही. १९७८ मध्ये एका वार्ताहराने त्या चित्रातल्या बाईला शोधून काढले. तिचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. ती मूळची ओक्लाहोमाची, चेरोकी आदिवासी वंशाची. बेचाळीस वर्षे सारे जग तिला गोरी निर्वासित माता समजत होते! तिच्या मनात राग होता. तिच्या म्हणण्याप्रमाणे हे चित्र छापले जाणार नाही असे तिला सांगितले होते, चित्राची प्रत देण्याचे कबूल करून ती कधी आली नाही आणि एक छदामही तिला मिळाला नाही. टायर विकल्याची गोष्टही घरच्यांनी नाकारली. लँग यांची बाजू सांगायला त्या हयात नव्हत्या. चित्र सरकारी असल्यामुळे लँग यांनाही त्याचे मानधन मिळत नव्हते, हेही खरे. १९८३ मध्ये फ्लॉरेन्स आजारी पडल्या तेव्हा मुलांनी लोकांना आवाहन केले आणि सुमारे पस्तीस हजार डॉलर जमले. पैशांबरोबर आलेली पत्रे वाचून मुलांचा त्या चित्राविषयीचा कडवटपणा कमी झाला. त्याच वर्षी फ्लॉरेन्स वारल्या. १९९८ मध्ये त्या चित्राची एक जुनी प्रत २,४४,५०० डॉलरना विकली गेली.

मित्रमैत्रिणींनो, मग लँग यांना थोर म्हणायचे की दोषी? मला दोन्ही म्हणावेसे वाटते, आणि तरीही त्यांच्याविषयीचा आदर कमी होत नाही. वीस मैलांवरून परत फिरणारी बाई मोठीच होती. पण ती परत फिरली आणि नाव विचारायला विसरली. आज अंगठा पुसायला निष्णात हात आणि निगेटिव्ह लागत नाही. मोबाइलवर एक बोट फिरवले की माणूससुद्धा नाहीसा होतो आणि नसलेला माणूस उभाही करता येतो. म्हणून कार्यशाळेत आम्ही काही गोष्टी ठरवल्या. उजेड कमी-जास्त करावा, पण घडलेल्या प्रसंगात काही घालू नये, काढू नये. कड कापताना बाहेर कोण जाते ते पाहावे. नाव, गाव, तारीख विचारून लिहावी. आणि ज्याचे चित्र त्याला ते आधी दाखवावे.

जानेवारीत मी फडावर गेले तेव्हा आईबाबांचा मोळी उचलतानाचा फोटो काढला. दोघेही पुरते चौकटीत घेतले. मागे कोपी, तिच्यावरचा फाटका प्लास्टिकचा कागद, पाण्याचे ड्रम. मला तो फार आवडला. आईला दाखवला, तर तिने मागचा तो कागद पुसून टाकता येईल का, असे विचारले. मी आठ महिने वाचलेले सारे त्या एका प्रश्नापुढे अडखळले. खरे चित्र ठेवावे, हे खरे. पण ते चित्र तिचेही आहे, हेही तितकेच खरे.

मी पुसले नाही. संध्याकाळी तिने तोंड धुतले, लग्नातल्यासारखी चांगली साडी नेसली, बाबांनी टोपी घातली आणि दोघे उसाच्या कडेला उभे राहिले. मी दुसरा फोटो काढला. फ्लॉरेन्स यांचाही असा एक फोटो आहे. १९७९ मध्ये बिल गँझेल नावाच्या छायाचित्रकाराने त्यांना तीन मोठ्या मुलींसह बसवून काढलेला. त्यात तंबू नाही. जगाला तो फारसा माहीत नाही.

दोन्हींच्या प्रती तालुक्याच्या गावी छापून घेतल्या आणि आईला दिल्या. तिने दुसरा भिंतीला लावला. पहिला पेटीत, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला आहे. तो या अंकात छापायला तिने परवानगी दिली नाही.